नव्या गाडीचं पहिलं ऑइल

गाडी आमच्या ताब्यात आली तेव्हा मीटरवर ३८६ किलोमीटर होते. मला वाटायचं नवी गाडी म्हणजे शून्य, निदान दोन आकडी काहीतरी. पण ट्रकचं तसं नसतं, कंपनीच्या गेटमधून यार्डात, यार्डातून डीलरकडे, तिथून बॉडी बांधायला, मग पासिंगला, अशी ती चासी आपल्या चाकांवर चालतच येते आणि चालवणारा ड्रायव्हर दर वेळी वेगळा. शोरूममधे फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी चावी माझ्या हातात दिलेली, आई आरतीचं ताट घेऊन उभी, चाकांखाली लिंबं ठेवून झालेली, नारळ फुटायचा बाकी, आणि अण्णा, माझे वडील, कधीच केबिनमधे चढून बसलेले. काचेतून दिसत होतं, खिशातली छोटी डायरी काढून काहीतरी लिहितायत. रात्री घरी बघितलं तर पहिल्या पानावर तारीख, खाली ३८६, आणि त्याच्या खाली एकच शब्द, ऑइल, पुढे प्रश्नचिन्ह.

त्या प्रश्नचिन्हावर आमच्या घरात पुढचा महिनाभर बोलणं चाललं.

आम्ही भांडुपचे. अण्णांनी १९९४ ला टाटाची ४०७ घेतली, स्वतः चालवली, लासलगाव-पिंपळगावकडून कांदा भरायचा आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला उतरवायचा, जाताना किराणा, प्लास्टिकचं सामान, भिवंडीच्या गोडाऊनमधला कसलाही माल. धंदा अजून तोच आहे, फक्त अण्णांचे गुडघे गेले आणि हिशोब, भाडं, टायर, इन्शुरन्स, फिटनेस सगळं माझ्याकडे आलं. गाडी मामा चालवतात. मामा म्हणजे सख्खे मामा नाहीत, बारा वर्षं आमच्याकडे ड्रायव्हर आहेत, पण आता दुसऱ्या नावाने हाक मारायचं सुचतच नाही. ही चौदा फुटी गाडी दसऱ्याला आली. लोन माझ्या नावावर आहे, त्यामुळे इंजिनमधे काय चाललंय हे पहिल्यांदाच मला इतकं जवळचं वाटायला लागलं.

पाचशे किलोमीटरला पहिलं ऑइल काढून टाकायचं, हा अण्णांचा नियम. ४०७ ला तसंच केलं होतं, त्याआधी ते ज्या मालकाकडे ड्रायव्हर होते त्यांच्या गाड्यांनाही तसंच करायचे. सर्व्हिसवाला मुलगा म्हणाला, काका आता तसं नसतं, गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलंय तेव्हाच या, आधी काढलंत तर पैसे वाया. पुस्तकातला आकडा अण्णांच्या पाचशेच्या कितीतरी पट होता. (तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तुमच्या गाडीचा तुमच्या पुस्तकातच बघा, दुसऱ्याच्या गाडीचा ऐकून काही करू नका.) अण्णा त्याला काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "त्याने कधी चेंबर उघडून बघितलाय का ग?" चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं.

मी दोघांचंही खरं मानून वाचायला लागले, विचारायला लागले. आमच्या कळंबोलीच्या मिस्त्रींना विचारलं, सर्व्हिस सेंटरच्या फोरमनला विचारलं, पुस्तक तर अक्षरन् अक्षर वाचलं. त्यातून जे समजलं ते सांगते.

इंजिनमधे लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्या, आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक आडवेतिडवे चरे पाडलेले असतात, जाळीसारखे. त्याला होनिंग म्हणतात. त्या चऱ्यांमधे ऑइल धरून राहतं, आणि नव्या पिस्टन रिंगा त्या चऱ्यांची टोकं घासून घासून आपली जागा करतात. रिंग बसली म्हणजे कॉम्प्रेशन धरते, ऑइल वर जळायला जात नाही. पण घासलं म्हणजे काहीतरी निघणारच. लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा, बेअरिंगच्या तांब्याचा अगदी पिठासारखा कीस, शिवाय गॅसकेटला लावलेल्या सिलिकॉनचे कण. हे सगळं चेंबरमधल्या ऑइलमधे उतरतं. फिल्टर त्यातलं मोठं मोठं पकडतो, बारीक असतं ते फिरत राहतं.

हे मी रात्री जेवताना सांगत होते तर आई म्हणाली, "म्हणजे टाकी लावलेल्या पाट्यासारखंच की." मी थांबलेच. गावी पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारीण यायची, छिन्नीने पाट्यावर ठक ठक करत बारीक खड्डे पाडायची, आणि त्यानंतर आजी पहिल्यांदा जाडं मीठ नाहीतर तांदूळ वाटून टाकून द्यायची, कारण त्यात दगडाची कच येते. पहिलं वाटण कोणी खात नाही. आईने एका वाक्यात जे सांगितलं ते मला चार दिवस वाचून समजलं होतं. अण्णा खूश झाले, त्यांच्या बाजूने साक्षीदार मिळाला.

पण पाटा किती कच सोडतो हे टाकी कोणी लावली त्यावर असतं ना. अण्णांच्या काळात पाचशेचा नियम का होता तर मशिनिंगला तेवढा नेमकेपणा नव्हता, रिंग बसायला वेळ लागायचा, कीस जास्त निघायचा, कधी कधी ब्लॉकच्या ओतकामातली वाळूसुद्धा कोपऱ्यात राहून जायची. ऑइलही साधं. आणि डिझेलमधे सल्फर भरपूर. सल्फर जळला की ओलाव्याबरोबर ॲसिड बनतं, ते मारायला ऑइलमधे अल्कलीचा साठा घातलेला असतो, तो साठा संपला की ऑइल नुसतं बुळबुळीत उरतं, राखण करत नाही. म्हणून तेव्हा पहिलंच काय, पुढची ऑइलंही लवकर लवकर बदलावी लागायची. आता १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला, १ एप्रिल २०२० ला बीएस-६, आणि डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं, म्हणजे दहा लाख भागांत फक्त दहा. लायनर कॉम्प्युटरच्या मशीनवर होन होतात, चऱ्यांची धारदार टोकं फॅक्टरीतच बऱ्यापैकी मारून येतात, पार्ट धुऊन जोडतात. त्यामुळे सर्व्हिसवाला मुलगा खोटं बोलत नव्हता. पुस्तकात मोठा आकडा आहे तो काहीतरी मोजूनच दिलाय.

आणि एक गोष्ट अण्णांनाही नवीन होती. काही कंपन्या नव्या इंजिनमधे पहिल्या भरणीला खास ऑइल घालतात, रिंगा नीट बसाव्यात म्हणून, आणि ते ठरलेल्या किलोमीटरपर्यंत राहू द्या असं सांगतात. अशा गाडीचं ऑइल घाईने पाचशेला काढलं तर आपण चांगलं करायला जाऊन उलटंच करून बसतो. म्हणून मी सर्व्हिस सेंटरला दोनच प्रश्न लेखी विचारले. आमच्या गाडीत पहिलं ऑइल खास आहे का नेहमीच्या दर्जाचं? आणि पुस्तकातली सर्व्हिस वेळेवर करून मधे एक जादा ऑइल आणि फिल्टर स्वखर्चाने बदलला तर वॉरंटीला काही बाधा? उत्तर आलं, ऑइल नेहमीचंच आहे, बदला, फक्त दर्जा तोच पाहिजे, फिल्टर ओरिजिनल पाहिजे आणि बिल जपून ठेवा. लेखी विचारायचं कारण म्हणजे तोंडी उत्तर देणारा माणूस पुढच्या वेळी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

मग ठरलं. पाच फेऱ्या झाल्या की, अडीच हजारच्या आसपास, एक जादा ऑइल. गरज होती का? प्रामाणिकपणे सांगायचं तर सक्तीची नव्हती. पुस्तकाप्रमाणे चालणाऱ्या हजारो गाड्या लाखो किलोमीटर जातात. ज्याला परवडत नाही त्याने पुस्तकातला आकडा पाळला तरी पुष्कळ आहे, फक्त तो आकडा वरची मर्यादा समजायचा, त्याच्या पुढे "अजून हजार जाऊ दे" करायचं नाही. पण साडेचार हजार रुपयांत मला ते पहिलं ऑइल डोळ्यांनी बघायला मिळणार होतं, आणि अण्णांना शांत झोप. पुढची पाच वर्षं ही गाडी आमचं घर चालवणार आहे, त्यात साडेचार हजार मला जास्त वाटले नाहीत.

त्या पाच फेऱ्यांबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण लोक ऑइल कधी बदलायचं एवढंच विचारतात, त्याआधी गाडी कशी चालवली ते कोणी विचारत नाही. हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू होतो. नवी गाडी, कांद्याचा सीझन, व्यापारी म्हणतो पूर्ण भरा, भाडं पूर्ण देतो. अण्णांनी पहिल्या दोन फेऱ्यांना अर्ध्याच लोडवर पाठवलं, मी पैशाचा हिशोब काढून दाखवला तरी ऐकलं नाही. आणि मामांना सांगून ठेवलं, चढाला वरच्या गिअरमधे रडवत न्यायची नाही, खालचा गिअर टाकायचा, एकाच स्पीडला तासन्‌तास पाय धरून ठेवायचा नाही, आग्रा रोडला मोकळा रस्ता मिळाला तरी कमी-जास्त करत राहायचं. गंमत म्हणजे अगदी रिकामी, हळूहळू, जपून जपून चालवणंही चांगलं नाही. लोडच नसला तर सिलिंडरमधला दाब रिंगांना भिंतीवर ढकलत नाही, रिंगा नुसत्या घसरतात, चरे काचेसारखे गुळगुळीत होऊन बसतात आणि मग ती गाडी जन्मभर ऑइल पिते. सगळ्यात वाईट म्हणजे नवी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवणं. मार्केटच्या गेटबाहेर रात्रीच्या रांगेत मामा इंजिन बंद करायचे, पंखा नाही, डास, घाम, तरी बंद. कसाऱ्याचा घाट मुंबईहून जाताना अर्ध्या लोडने चढायचा आणि येताना माल भरून गिअरमधे उतरायचा, असं इंजिनला दोन्हीकडून काम मिळालं. आता इगतपुरी ते आमणे समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मधे सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण त्या पाच फेऱ्या मामांनी मुद्दाम जुन्या रस्त्याने केल्या.

पाचवी फेरी वाशीला उतरली एका रविवारी पहाटे. तिथून गाडी सरळ कळंबोलीला मिस्त्रींकडे. मी आणि अण्णा भांडुपहून गेलो, अण्णा गुडघ्याला पट्टा बांधून. मीटर २,६४०.

गाडी वाशीहून चालत आलेली म्हणजे ऑइल गरम होतं, आणि तसंच पाहिजे, थंड ऑइल घट्ट असतं, कीस घेऊन खाली येत नाही, तळाला बसून राहतो. पण लगेच उघडायचं नाही, हात भाजतो. मिस्त्रींनी सपाट जागा बघून गाडी लावली, हँडब्रेक, चाकांना लाकडाचे ठोकळे, दहा मिनिटं थांबले, तोवर चहा. मग खाली पुठ्ठा टाकून आत शिरले आणि मला म्हणाले, ताई बघायचंय ना, मग या, बाजूने वाका. आधी वरचं भरायचं झाकण सैल केलं म्हणजे हवा शिरते आणि ऑइल सरळ धारेने पडतं. पान्याने चेंबरचा नट ढिला केला, शेवटचे दोन आटे हाताने, नट वर दाबून धरत फिरवायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा.

धार पडली. काळी. मी म्हटलं एवढ्या लवकर काळं? मिस्त्री म्हणाले, डिझेलचं ऑइल एका फेरीत काळं होतं, काजळी धुऊन स्वतःमधे धरून ठेवणं हेच त्याचं काम, काळं झालं म्हणजे काम करतंय, रंगावरून ऑइल कधी ठरवू नका. मग त्यांनी धारेखाली स्टीलची वाटी धरली, भरली, आणि मला म्हणाले उन्हात न्या.

उन्हात वाटी तिरकी केली आणि मला ते दिसलं. काळ्या ऑइलच्या आत, वर तरंगत नाही तर आतच, अगदी बारीक चमकी, जशी रांगोळीत असते तशी, वाटी हलवली की नागमोडी वळून परत एकजीव होणारी. मी तीन-चार वेळा हलवून बघितली. अण्णांनी वाटीत दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली, डोळे मिटून घासत राहिले बराच वेळ. मग माझी बोटं धरून बुडवली. "खर लागतेय का?" नाही लागत. "मग ठीक आहे." नुसती चमक दिसली आणि बोटांना काही लागलं नाही तर ती रिंगांची, लायनरची घास आहे, नव्या इंजिनला येणारच. नखाने उचलता येईल एवढी पापडी निघाली, किंवा तांब्याच्या रंगाचे तुकडे, तर गाडी तिथेच उभी करायची आणि कंपनीला फोन करायचा. मोठ्या फ्लीटवाले अशा वेळी बाटलीत नमुना घालून लॅबला पाठवतात, लोखंड किती, तांबं किती, सिलिकॉन किती ते कागदावर येतं. आमच्याकडे अण्णांची बोटं होती. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मी घरून घेऊन गेले होते, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाटीत फिरवलं, वर काढलं तर पिशवीवर काळी मऊ लव धरलेली, मांजराच्या पाठीसारखी. एवढीशी. पण ही एवढीशी लव घेऊन ऑइल बेअरिंगमधून फिरत होतं हे बघितल्यावर मला साडेचार हजारांबद्दल परत काही वाटलं नाही.

आता फिल्टर. आणि फिल्टरची एक जुनी जखम आहे आमच्याकडे.

मी सातवीत असताना अण्णांनी ४०७ एका गॅरेजला दिली होती, नेहमीचे मिस्त्री गावी गेले म्हणून. ऑइल, फिल्टर, बिल सगळं व्यवस्थित. तीन-चार महिन्यांनी नेहमीच्या मिस्त्रींनी फिल्टर काढला तर त्यावर त्यांनीच आधीच्या वेळी खिळ्याने ओरखडलेली तारीख. फिल्टर बदललाच नव्हता, वरून पुसून नव्यासारखा चकाचक केला होता. नव्याचे पैसे घेतले होते. अण्णा भांडायला गेले नाहीत, घरी आले आणि जेवले नाहीत त्या दिवशी. पैशाचं दुःख नव्हतं, म्हणाले तीन महिने मी त्या गाडीला चांगलं समजून चालवत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे नेलपॉलिश मागितली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फिल्टरवर नेलपॉलिशने तारीख आणि एक आडवी रेघ असते, रेघ अर्धी फिल्टरवर आणि अर्धी इंजिनवर, म्हणजे फिल्टर हलला तरी कळतं आणि बदलला नाही तरी कळतं. ऑइलने जात नाही, उष्णतेने जात नाही.

तर कळंबोलीला मिस्त्रींनी पट्टा पान्याने जुना फिल्टर काढला आणि पहिलं काय केलं तर त्याची रबरी रिंग फिल्टरलाच आहे ना ते बघितलं. ती कधी कधी इंजिनला चिकटून राहते, नव्याची रिंग तिच्यावर बसते, तेव्हा काही कळत नाही, आणि हायवेला प्रेशर आलं की दोन्हींच्या मधून ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर. इंजिन बसायला तेवढं पुरतं. बसायची जागा फडक्याने पुसली, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ताजं ऑइल लावलं, हाताने फिरवला, रबर टेकल्यावर पाऊण वेढा. पाना नाही लावला. पान्याने आवळतात त्यांचा फिल्टर पुढच्या वेळी छिन्नी मारून काढावा लागतो. नटाला नवा तांब्याचा वॉशर. जुने लोक तोच वॉशर लाल तापवून मऊ करून परत वापरायचे, तेही चालतं, पण नवा काही फार महाग नसतो.

मग गुलाबी नेलपॉलिश, माझी, पर्समधली. तारीख मी घातली.

ऑइलचा कॅन आमच्यासमोर फोडला. दर्जा सीके-४, जाडी १५डब्ल्यू-४०, दोन्ही पुस्तकातल्या पानाशी जुळवून घेतलं. इथे बरेच लोक चुकतात, १५डब्ल्यू-४० हा नुसता जाडीचा आकडा आहे, त्याच जाडीत जुनं सीआय-४ पण मिळतं, २००२ चा दर्जा, आणि स्वस्त असतं. पण बीएस-६ गाडीला सायलेन्सरमधे डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. काजळी त्यात जळून जाते पण ऑइलमधल्या धातूंच्या मसाल्याची राख जळत नाही, साचत जाते. सीके-४ हा दर्जा २०१६ च्या शेवटी आला तो या जाळीवाल्या गाड्यांचा विचार करून, त्यात राखेला मर्यादा घातलेली आहे. गॅरेजच्या पिंपातलं "सगळ्या गाड्यांना चालतं" असं ऑइल आपल्या गाडीला नको. नरसाळं पुसून हळूहळू ओतलं, पुस्तकात दिलंय त्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरून थांबले, मग डिपस्टिक बघत बघत. जास्त भरणं हा कमी भरण्याइतकाच गुन्हा आहे, क्रँक ऑइलला लागतो, फेस होतो, फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. स्टार्टर मारल्यावर ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत गेला. मामांनी ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही, टर्बोला ऑइल पोचेपर्यंत रेस करायची नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. मिस्त्री टॉर्च घेऊन खाली, नट आणि फिल्टर कोरडे. बंद करून दहा मिनिटं, परत डिपस्टिक, दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या किंचित खाली.

काढलेलं ऑइल मिस्त्रींनी झाकणाच्या पिंपात ओतलं. ते गटारात जात नाही याची मी चौकशी केली, रिसायकलवाला येऊन नेतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं, परवाना असलेल्यालाच द्यायचं. कळंबोलीची ती गटारं शेवटी खाडीलाच मिळतात. आणि रिकामा कॅन मी सुरीने उभा कापून मगच तिथे सोडला, नाहीतर त्याच कॅनमधे डुप्लिकेट भरून कोणाच्यातरी नव्या गाडीत जातं.

आम्हाला वाटलं झालं. अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "गिअरबॉक्स? क्राउन?"

हे मला खरंच माहीत नव्हतं आणि मला वाटतं बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही. इंजिनला निदान फिल्टर आहे. गिअरबॉक्सला आणि मागच्या क्राउनला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलमधल्या गिअरला, साधारण आमच्यासारख्या गाडीत फिल्टरच नसतो. दात दातावर घासून नवे गिअर बसतात, तो सगळा कीस तिथेच त्याच ऑइलमधे फिरत राहतो, फार तर नटाला लोहचुंबक असतं ते थोडं धरतं. आणि त्या ऑइलची बदली इतकी लांबची असते की लोक विसरून जातात. अण्णांचं म्हणणं, पहिल्या ऑइलची खरी गरज कुठे असेल तर तिथे. मिस्त्रींनी क्राउनचा नट काढून दाखवला फक्त, तर चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर, बोटाने पुसला तर बोट चमकलं. पुसून परत लावला, लेव्हल बघितली. त्याचं ऑइल त्या दिवशी आणलं नव्हतं, आणि पुस्तकात त्याची पहिली बदली कधी आहे ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही असं मी म्हटलं. अण्णांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने मामा रोज सकाळी थंड इंजिनवर डिपस्टिक बघून मला मेसेज करायचे. कमी होतंय का हे बघायचं एवढंच मला वाटायचं. एकदा त्यांचा मेसेज आला, ताई ऑइल वाढलंय. मला बरं वाटलं, आणि मिस्त्रींना सांगितलं तर ते गंभीर झाले. ऑइल कधी वाढत नाही, त्यात दुसरं काहीतरी मिसळतं. पाणी गेलं तर दुधट दिसतं, दुधट नव्हतं. मग डिझेल. डीपीएफ साफ करायला काही इंजिनं सिलिंडरमधलं डिझेल जळून झाल्यावर मागून आणखी जादा डिझेल फवारतात, म्हणजे सायलेन्सर तापतो आणि काजळी जळते. लांबच्या फेरीत हे पूर्ण होतं. पण त्या आठवड्यात लासलगावचा माल नव्हता म्हणून गाडी भांडुप, पवई, साकीनाका, कुर्ला अशीच फिरत होती, मेट्रोच्या कामातून तासाला आठ किलोमीटरने, आणि सफाई अर्धी झाली की इंजिन बंद. उरलेलं डिझेल भिंतीवरून खाली चेंबरमधे, ऑइल पातळ. मामांनी दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी नाशिक रोडला पडघ्यापर्यंत एका दमात नेऊन आणली, डीपीएफचा दिवा गेला. सर्व्हिस सेंटरला दाखवलं, लेव्हल मर्यादेत होती. पण तेव्हा मला कळलं की मुंबईत किलोमीटर मोजून पुरत नाही. तासाला आठ किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचे हजार किलोमीटर म्हणजे इंजिनचे सव्वाशे तास, हायवेला तेच वीस-पंचवीस तासांत होतात. मी आता डायरीत किलोमीटरच्या शेजारी इंजिनचे तास पण लिहिते, मीटरमधे दिसतात ते, आणि पुस्तकात शहरातल्या वापराला जो कमी आकडा दिलाय तोच धरते.

पुस्तकातली ठरलेली सर्व्हिस गेल्या महिन्यात झाली. पहिल्या सर्व्हिसची मजुरी फुकट असते, ऑइल-फिल्टरचे पैसे आपले. तिथे काम चालतं त्या जागी उभं राहू देत नाहीत, काचेच्या मागे बसवतात, म्हणून मी आधीच जॉबकार्डवर लिहून घेतलं, जुना फिल्टर परत हवा. संध्याकाळी त्यांनी पिशवीत घालून दिला. घरी आणून मोरीत वर्तमानपत्रावर ठेवला, पुसला. गुलाबी तारीख जशीच्या तशी होती, माझ्याच अक्षरात.

अण्णांनी चष्मा लावून बघितली, अंगठा फिरवला तिच्यावर, डायरी उघडली, ओळ लिहिली. मग पेन तसंच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"आणि क्राउनचं विचारलंस?"

विचारलं होतं. पुढच्या सोमवारची वेळ घेतली होती.